कानाचे थेंब : बाटलीतून कानाच्या आतपर्यंत

मे महिन्यात पोरं विहिरीत नाहीतर मलप्रभेच्या डोहात दिवसदिवस पडून असतात. जून संपत आला, कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस लागला, की दोरीवरचा टॉवेल तीन दिवस वाळत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहणाऱ्याला हे दोन्ही हंगाम कॅलेंडर न बघता कळतात, कारण लोक हाताने कान दाबून धरूनच दुकानाची पायरी चढतात. "कान ठणकतोय, थेंब द्या की कसले तरी."

यातल्या बऱ्याच जणांनी आधी कुठले तरी थेंब टाकून झालेले असतात. "टाकले हो, पण लागू पडले नाहीत." मग मी विचारतो, कसे टाकले? उत्तर ठरलेलं. आरशासमोर उभं राहून मान थोडी वाकडी केली, तीन-चार थेंब सोडले, वर कापसाचा बोळा कोंबला आणि कामाला गेलो. अशा वेळी औषधाला दोष देण्यात अर्थ नसतो. ते जिथे जायला हवं तिथे गेलेलंच नसतं. अर्धं कापसाने प्यायलं, अर्धं कानशिलावरून मानेवर आलं.

हा लेख बाहेरच्या कानाच्या जंतुसंसर्गाबद्दल आणि त्यावरच्या अँटिबायोटिक थेंबांबद्दल आहे. थेंब कुठले घ्यायचे हे डॉक्टर सांगतील. ते आतपर्यंत पोहोचवणं मात्र आपल्या हातात असतं.

आधी कळू दे, कुठला कान दुखतोय

डावा की उजवा असं विचारत नाही. बाहेरचा की मधला, असं विचारतोय.

कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात सुमारे अडीच सेंटिमीटर असते. ती सरळ नसते, इंग्रजी 'एस'सारखी थोडी वळलेली असते आणि टोकाला पडद्याने बंद. म्हणजे ती एका बाजूने बुजलेली बोळ आहे, आत गेलेलं पाणी सहज परत येत नाही. नळीच्या कातडीवर मळाचा पातळ थर असतो. आपण त्याला घाण म्हणतो, पण तो थोडा आंबट असतो, पाणी धरू देत नाही आणि जंतूंना वाढू देत नाही. रोज दोन तास पाण्यात राहिलं की हा थर धुऊन जातो, खालची कातडी मऊ पडते. मग खाज येते. खाज आली की काडेपेटीतली काडी, हेअरपिन, मोटारसायकलची चावी, नाहीतर बड्स. मऊ कातडीवर एक बारीक ओरखडा पुरतो. त्यातून शिरणाऱ्या जंतूंत दोन मुख्य: पाण्यात आणि ओलीत वाढणारा स्युडोमोनास, आणि कातडीवर नेहमीच असणारा स्टॅफिलोकोकस.

घरी करायची परीक्षा सोपी आहे. कानाच्या भोकासमोर, गालाच्या बाजूला, कूर्चेचा एक छोटा उंचवटा असतो. तो बोटाने दाबा. मग कानाची पाळी, म्हणजे बाहेर दिसणारा कान, हलकेच ओढून बघा. यात कळ उठली, घास चावतानाही दुखलं, तर दुखणं बहुधा बाहेरच्या नळीचं. सोबत खाज, कान गच्च वाटणं, थोडं पाणी किंवा पांढरट-पिवळसर स्राव असू शकतो. पोहणं झाल्याला दोनचार दिवस झालेले असतात.

मधल्या कानाचं दुखणं वेगळं. ते पडद्याच्या आतलं. चार दिवस सर्दी-खोकला, मग रात्री पोर अचानक किंचाळत उठतं, अंगात ताप असतो. पाळी ओढली तरी फारसा फरक पडत नाही. आणि एकदा कान वाहू लागला की दुखणं चक्क थांबतं, कारण पडद्याला भोक पडून आतला पू बाहेर आलेला असतो. आपल्याकडे दोन्हींना "कान फुटला" म्हणायची पद्धत आहे. त्या एका शब्दावर कुणालाही औषध देता येत नाही, तरी लोक त्या एका शब्दावरच मागतात.

तिसरा प्रकार बुरशीचा, आणि आमच्या पावसात तो कमी नाही. यात दुखण्यापेक्षा खाज जास्त. आत पाहिलं तर भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखं काहीतरी दिसतं, त्यावर काळे ठिपके. यावर अँटिबायोटिक थेंब टाकले तर बुरशीचं फावतं, कारण तिच्याशी भांडणारे जंतू आपण मारून टाकतो. आठवडे-आठवडे उगाच तेच थेंब टाकणाऱ्यांना बुरशी होते ती याच कारणाने.

पडदा शाबूत आहे ना?

थेंबांची बाटली उघडण्याआधी उत्तर हवं असा हा एकच प्रश्न आहे, आणि तो घरी सुटत नाही. डॉक्टर छोट्या दिव्याच्या यंत्राने, ऑटोस्कोपने, आत बघतात. त्याला दोन मिनिटं लागतात. तेवढ्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. नळी सुजलेली असेल, आत घाण साचलेली असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं. बेळगावात बिम्स या सरकारी रुग्णालयात तो विभाग आहे, खासगीही पुष्कळ आहेत.

पडद्याला भोक आहे असा संशय कधी घ्यायचा? कान वर्षानुवर्षं मधूनमधून न दुखता वाहत असेल. नाक शिंकरताना कानातून हवा शिटीसारखी जात असेल. कानाचं ऑपरेशन झालेलं असेल. किंवा थेंब टाकल्यावर थोड्याच वेळात घशात कडू चव आली. ही शेवटची खूण लोक विसरतात. कानातलं औषध घशात पोहोचायला वाट हवी, आणि ती वाट पडद्यातल्या भोकातून मधल्या कानात आणि तिथून घशाकडे जाते. पडदा शाबूत असेल तर चव येण्याचं कारण नाही.

याला एवढं महत्त्व का, तर निओमायसिन आणि जेन्टामायसिन या गटातली औषधं आतल्या कानापर्यंत गेली तर ऐकू येण्याच्या पेशींना इजा करू शकतात. गेलेलं ऐकू परत येत नाही. पडद्याची खात्री नसेल तेव्हा डॉक्टर म्हणूनच सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनकडे वळतात.

आता सीमाभागातली एक अडचण, जी पुण्या-मुंबईच्या लेखांत येत नाही. डॉक्टर कन्नड बोलणारे, चिठ्ठी इंग्रजीत, म्हातारी फक्त मराठी बोलणारी. सोबत कुणी नसलं की "हां हां" म्हणून बाहेर पडायचं आणि मेडिकलमध्ये येऊन आम्हाला विचारायचं. चार शब्द पाठ असले तर काम भागतं. कान म्हणजे किवि, कान दुखतो म्हणजे किवि नोवु. डावा एड, उजवा बल. थेंब म्हणजे हनि. "नाल्कु हनि, दिनक्के यरडु सल" म्हणजे चार थेंब, दिवसातून दोनदा. साखरेचा आजार असेल तर "सक्करे कायिले" हे न विचारताही सांगायचं. का, ते पुढे येईल. चिठ्ठीवर 'बीडी' म्हणजे दिवसातून दोन वेळा, 'टीडीएस' म्हणजे तीन वेळा. आणि कुठला कान ते मेडिकलवाल्याकडून बाटलीच्या खोक्यावर मराठीत लिहून घ्या. आम्ही लिहून देतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाटलीत काय असतं

सिप्रोफ्लॉक्सासिन ०.३ टक्के, ऑफ्लॉक्सासिन ०.३ टक्के ही नुसती अँटिबायोटिक. सूज जास्त असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिनसोबत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड घातलेले थेंब देतात. सूज उतरली की दुखणंही लवकर उतरतं. निओमायसिन, पॉलिमिक्सिन बी आणि हायड्रोकॉर्टिसोन असं जुनं मिश्रणही चालतं, पण निओमायसिनची काहींना ॲलर्जी होते. दोन-तीन दिवसांत खाज कमी व्हायची तर वाढते आणि थेंब ओघळले तिथली पाळी लाल होऊन सोलते. असं झालं तर "अजून दोन दिवस बघू" म्हणू नका, थांबवा आणि दाखवा.

शिवाय दुकानात चार-चार औषधं एकत्र असलेली बाटली मिळते: क्लोरॅम्फेनिकॉल जंतूंवर, क्लोट्रिमाझोल बुरशीवर, बेक्लोमेथासोन सुजेवर, लिग्नोकेन दुखण्यावर. काय झालंय ते नक्की कळलं नाही की ही बाटली खपते. माझं मत विचाराल तर कान न बघता सगळ्या बाजूंनी गोळीबार करणं हे काही उपचार नव्हेत. लिग्नोकेनने बधिर झालेला कान बरा झाल्यासारखा वाटतो आणि माणूस डॉक्टरांकडे जायचं टाळतो.

मात्रा डॉक्टर सांगतील तीच. अंदाज यावा म्हणून: सिप्रोफ्लॉक्सासिन-डेक्सामेथासोनचे साधारण ४ थेंब दिवसातून दोनदा, ७ दिवस. ऑफ्लॉक्सासिन १३ वर्षांपुढे १० थेंब दिवसातून एकदा, त्याहून लहानांना ५, तेही ७ दिवस. एका मिलिलिटरमध्ये सुमारे २० थेंब धरले तर ५ मिलिलिटरच्या बाटलीत शंभरेक थेंब येतात. चार थेंब दोनदा, सात दिवस म्हणजे ५६. एका कानाला एक बाटली पुरून उरते. दोन्ही कान असतील तर ११२ लागतील, आधीच दोन घ्या, नाहीतर सातव्या दिवशी "संपलं" म्हणून औषध बंद पडतं.

बाटलीवर डोळा आणि कान दोन्ही लिहिलेलं असेल तर घाबरू नका. असे थेंब कानात चालतात. फक्त कानासाठी असलेले थेंब डोळ्यात कधीच नाहीत. घरात दोन्ही बाटल्या असतील तर वेगळ्या खोलीत ठेवा.

"थेंब कशाला, चांगली गोळी द्या"

हे रोज ऐकतो. आपल्याकडे गोळी म्हणजे खरं औषध, इंजेक्शन म्हणजे त्याहून खरं, थेंब म्हणजे वरवरचं. पण हिशेब उलटा आहे. ०.३ टक्के म्हणजे एका मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम, म्हणजेच ३००० मायक्रोग्रॅम. सिप्रोफ्लॉक्सासिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी गिळल्यावर रक्तात ते जास्तीत जास्त मिलिलिटरला अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास जातं. कानाच्या कातडीपर्यंत औषध हजारपट ताकदीने न्यायचं तर ते थेंबच नेतात, तेही पोट न बिघडवता. संसर्ग बाहेरच्या नळीपुरताच असेल तर गोळीची गरज पडत नाही. तो पाळीवर, गालावर, मानेवर पसरला, ताप आला, किंवा माणसाची प्रतिकारशक्ती कमी असेल तेव्हा डॉक्टर गोळीही देतात. तो त्यांचा निर्णय.

दुखण्यावर मात्र गोळी हवीच. पहिले दोन दिवस कान इतका ठणकतो की झोप लागत नाही. मोठ्यांना पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, जेवण झाल्यावर. लहान मुलांना वजनावरून, डॉक्टरांना विचारून. आयब्युप्रोफेन जास्त उपयोगी पडतं, पण पोटात अल्सर असलेल्यांनी, किडनीचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ती स्वतःहून घेऊ नये.

आता टाकायची रीत

हा भाग सावकाश वाचा. शक्यतो टाकणारा दुसरा कुणीतरी असावा. स्वतःच्या कानात स्वतः टाकताना थेंब मोजता येत नाहीत.

हात साबणाने धुवा. कानाच्या तोंडाशी स्राव साचलेला असेल तर स्वच्छ कापसाची सैल वात वळा, नुसती टेकवा, ओली झाली की फेकून दुसरी घ्या. दिसतंय तेवढंच टिपायचं. बोटाच्या पेराएवढंही आत जायचं नाही. आतला साठा काढायचं काम डॉक्टरांचं. ते सक्शनने काढतात, आणि कधीकधी त्या एका साफसफाईने निम्मं दुखणं जातं, कारण थेंबांना वाट मोकळी होते.

बाटली मुठीत दोन मिनिटं धरा. हाताच्या उबेने औषध अंगाच्या तापमानाजवळ येतं. ही पायरी गाळू नका. एकदा मी स्वतः फ्रिजमधली बाटली काढून बायकोच्या कानात थेंब सोडले. सात सेकंदांत तिला सगळं घर गरगर फिरताना दिसलं, उलटी झाली, आणि मला ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते. गार थेंबांनी आतल्या कानातला तोल सांभाळणारा द्रव हलतो, मेंदूला वाटतं आपण फिरतोय. मेडिकल चालवणाऱ्याने हे करावं! बाटली गरम पाण्यात उकळायचीही नाही. मूठ पुरते.

औषध गढूळ पांढरट असेल तर चांगलं हलवा. स्टिरॉइड असलेले बरेच थेंब असे असतात, न हलवता टाकले तर वरचं पाणी जातं आणि औषध तळाला राहतं.

आता कुशीवर झोपवा, दुखरा कान वर. बसून, उभ्याने, खुर्चीत मान टाकून चालत नाही. वळलेली नळी सरळ करण्यासाठी मोठ्या माणसाची पाळी वर आणि मागे ओढा. तीन वर्षांच्या आतल्या बाळाची खाली आणि मागे. दुखत असेल तर हलक्या हाताने, पण ओढा.

थेंब नळीच्या भिंतीवरून ओघळू द्या, मधोमध धार सोडू नका. मधोमध सोडलं तर आतली हवा अडकते आणि औषध तिच्यावर बुडबुड्यासारखं तरंगत राहतं. बाटलीचं टोक कानाला लावायचं नाही, लागलं तर जंतू बाटलीत जातात आणि पुढचे सात दिवस तेच परत कानात. मोजलेले थेंब पडले की कानासमोरचा तो कूर्चेचा उंचवटा चार-पाचदा हलकेच दाबा आणि सोडा, पंपासारखा. दाबल्याने हवा बाहेर येते आणि औषध खाली उतरतं. तो हात लावू देत नसेल इतका दुखत असेल तर पाळी नुसती मागे-पुढे हलवा.

मग तसंच झोपून राहा. तीन ते पाच मिनिटं. मोबाइलवर एक गाणं पुरं वाजेपर्यंत. पोर असेल तर मांडीवर डोकं घेऊन गोष्ट सांगा, तेवढ्यात ते उठत नाही. उठल्यावर ओघळलेलं पुसून टाका. बोळा घालू नका, तो औषध पितो. दुसराही कान असेल तर पाच मिनिटांनी बाजू बदलून हेच सगळं पुन्हा.

थोडी जळजळ पहिल्या दिवशी होऊ शकते. ती मिनिटभरात जाते.

आणि एक महत्त्वाची खूण: थेंब कानाच्या तोंडाशीच तळं करून थांबले, पंप करूनही खाली गेले नाहीत, तर नळी सुजून बंद झालेली आहे. मग थेंबांची संख्या वाढवून काही होत नाही. डॉक्टर अशा कानात गॉजची पातळ पट्टी किंवा स्पंजची काडी, म्हणजे वात, बसवतात. ती थेंब शोषून आतवर नेते, फुगते, आणि एक-दोन दिवसांनी सूज उतरली की सैल होऊन कधीकधी आपोआप बाहेर पडते. पडली म्हणून घाबरायचं नाही आणि घरच्या कापसाची वात करून परत कोंबायचीही नाही. वात असताना थेंब वातीवरच टाकायचे.

सात दिवस कान कोरडा

थेंब चालू असताना विहीर बंद, नदी बंद, स्विमिंग पूल बंद. सात ते दहा दिवस तरी. हे मुलांना मे महिन्यात सांगून बघा! पण भिजवलेल्या कातडीवर औषध टाकणं म्हणजे फुटक्या पत्र्याखाली धान्य वाळवणं. अंघोळीपुरता मात्र बोळा चालतो: कापसाला बाहेरून व्हॅसलीन चोळा, कानाच्या तोंडावर बसवा, अंघोळ झाली की काढा. डोकं न भिजवता अंघोळ केली तर आणखी बरं. इयरफोन आणि ऐकण्याचं यंत्र बरं होईपर्यंत शक्य तितकं बाजूला. भात लावणीच्या दिवसांत डोक्याला गुंडाळलेला ओला टॉवेल कानावरून खाली घेऊ नका. हेल्मेटच्या आतलं कापड घामाने ओलं असेल तर रात्री पंख्याखाली ठेवा. तालमीत जाणाऱ्यांनी या दिवसांत मातीत उतरू नये. लाल माती कानात गेली की थेंबांचा चिखल होतो.

दोन-तीन दिवसांत दुखणं उतरायला लागतं. ४८ ते ७२ तासांत काहीच फरक नसेल तर कान पुन्हा दाखवायचा. एकतर औषध पोहोचत नाही, किंवा रोग वेगळाच आहे. बरं वाटलं तरी सात दिवस पुरे करा. तिसऱ्या दिवशी बाटली फडताळात आणि दहाव्या दिवशी परत ठणका, हे दरवर्षी बघतो.

शुगर असलेल्यांनी वेगळं वाचा

साठीच्या पुढचा माणूस, शुगर वाढलेली, कान दुखतोय. इथे घरी वाट बघणं धोक्याचं आहे. मधुमेह असलेल्यांत आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत हाच स्युडोमोनास नळीच्या कातडीतून खालच्या हाडात शिरू शकतो. डॉक्टर त्याला मॅलिग्नंट ऑटायटिस एक्स्टर्ना म्हणतात. नाव ऐकून लोक कॅन्सर समजतात. तो कॅन्सर नाही, पण कवटीच्या तळाकडे पसरतो आणि त्याला आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिक लागतात. खूण अशी, की दिसतं त्यापेक्षा दुखतं फार, आणि रात्री झोपेतून उठवतं. थेंब नीट टाकूनही कमी होत नाही. अशा माणसाच्या कानात नळाच्या पाण्याची पिचकारी मारून मळ काढायला देऊ नका. त्यांना "चार दिवस थेंब टाकून बघू" हा सल्ला काउंटरवरून मी देत नाही, सरळ बेळगावला पाठवतो.

बाकीच्यांनीही त्याच दिवशी डॉक्टर गाठावा अशी कारणं: कानामागे सूज आणि कान पुढे ढकलल्यासारखा दिसणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं, ताप, चक्कर, अचानक ऐकू न येणं, मार लागून कानातून रक्त, पाळीवर पाण्याचे फोड. आणि लहान मुलाने खेळण्यातला बटणासारखा सेल कानात घातला असेल तर एकही थेंब टाकू नका, तेलही नाही, पाणीही नाही. ओलीने तो सेल तासाभरात कातडी जाळायला लागतो. तसंच उचलून दवाखान्यात न्या.

तेल, लसूण आणि बाकी सगळं

लसूण घालून कढवलेलं खोबरेल तेल आजीने घातलं, आईने घातलं, म्हणून आपणही घालतो. सुजलेल्या, सोललेल्या कातडीवर गरम तेलाने भाजल्याचे कान मी बघितले आहेत. पडदा फाटका असेल तर ते तेल मधल्या कानात. तेलाचा थर बसला की वरून टाकलेले थेंब कातडीपर्यंत जात नाहीत. गोमूत्र, बाळंतिणीचं दूध, कांद्याचा रस, सगळ्यांचं तेच. बाजारात कानकोरणं घेऊन फिरणाऱ्यासमोर बसणं तर अजिबात नको. त्याने काढलेला मळ किती मोठा होता हे सांगताना लोकांना अभिमान वाटतो, दोन दिवसांनी तेच लोक माझ्याकडे येतात.

बड्सबद्दल एवढंच की बऱ्याच खोक्यांवरही कानात घालू नका असंच छापलेलं असतं.

पुढच्या मे महिन्यासाठी

पोहून आल्यावर मान एका बाजूला करून पाळी ओढा, पाणी निथळू द्या, मग दुसरी बाजू. टॉवेलच्या टोकाने बाहेरूनच पुसा. घरात हेअर ड्रायर असेल तर सर्वांत कमी उष्णतेवर हातभर लांब धरून अर्धा-एक मिनिट. ज्यांचा पडदा शाबूत असल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय आणि सध्या कानाला काही झालेलं नाही, त्यांना पोहल्यावर व्हिनेगरचे थेंब उपयोगी पडतात. दुकानात मिळणाऱ्या साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण ४ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं. तेवढंच उकळून गार केलेलं पाणी मिसळलं की ते २ टक्के होतं. दोन-तीन थेंब, मिनिटभर, आणि कान खाली करून काढून टाका. कानाचा मूळ आंबटपणा त्याने परत येतो आणि स्युडोमोनासला तो मानवत नाही. कान आधीच दुखत असेल तर हे करू नका, फक्त झोंबेल.

उरलेल्या बाटलीचं काय? उघडल्याची तारीख खोक्यावर पेनाने लिहा आणि महिन्याने फेकून द्या, आत कितीही शिल्लक असलं तरी. गल्लीत कुणाचा कान दुखतोय म्हणून शेजारच्या मावशी मागायला येतील. देऊ नका. त्यांचा पडदा तुम्ही पाहिलेला नाही.